पिवळ्या रुमालाची बाई

४ फेब्रुवारी

वर काय लिहावं ते ठरेना, म्हणून काहीच लिहिलेलं नाही. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणशील आता कशाला, आणि नाही लिहिलं तर म्हणशील तेवढंही जमत नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

बोलायला लागलो की भांडतो, म्हणून मुलीच्या बाबतीतलं काही मोठं असेल तर लिहून कळवायचं आणि दोघांनी मिळून ठरवायचं, हे वेगळं होताना आपणच ठरवलं होतं. चष्म्याच्या वेळी आपण इतका पत्रव्यवहार केला की फ्रेम ठरेपर्यंत तिचा नंबर वाढतो की काय असं वाटलं होतं. आता नवीन प्रकरण आहे. भिंगरी गोळ्या झाडते.

दचकू नकोस, काँप्युटरवर. ताईचा मुलगा होस्टेलला गेला तेव्हा त्याचा जुना काँप्युटर त्यानं हिला देऊन टाकला, अभ्यासाला होईल म्हणून. अभ्यासाचं त्यात काही निघालं नाही, त्याचे जुने गेम मात्र सगळे निघाले. त्यातला एक हिनं धरलाय. एक सैनिक असतो, म्हणजे त्याचे नुसते हात आणि बंदूक दिसते. तो एका पडक्या भिंतींच्या गावात शिरतो आणि समोर येईल त्याला उडवतो. रक्त भिंतीवर उडतं आणि थोड्या वेळानं आपोआप नाहीसं होतं. आमच्या हॉस्पिटलात अशी सोय असती तर फरशी पुसणाऱ्या मावशींनी मला रोज आशीर्वाद दिले असते.

मी बंदी घालावी का? ताई म्हणते, "अरे, अकरा वर्षांची पोर ती, तिच्या हातात बंदूक कसली देतोस?" जणू ती मीच नेऊन दिली आणि काँप्युटर तिच्या घरातून आलाच नाही. माझं म्हणशील तर मला काही कळत नाही. दिवसभर प्लास्टर रूममध्ये मोडलेले हातपाय बघतो, घरी येतो तेव्हा कोणी कोणाला मारतंय का याकडे लक्ष देण्याइतकं अंगात काही उरलेलं नसतं. ती हेडफोन लावून बसते, मी कुकर लावतो. घरात शांतता असते. खरं सांगायचं तर त्या शांततेची मला सवय झाली आहे.

रविवारी तू फोन करतेस तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावते. मी तिचे कान भरतो असं तुला वाटतं. माझ्यात तेवढा उत्साह राहिलेला नाही, एवढंच सांगतो.

चष्म्याच्या पत्राखाली तू एक ओळ लिहिली होतीस, ती माझी आठवण काढते का, म्हणून. त्याचं पुढच्या वेळी लिहीन. खांबासारखा उभा राहतो आणि तोंडातून शब्द काढत नाही ही तुझी माझ्याबद्दलची जुनी तक्रार, तर आज बघ, पानभर झालं.

भिंगरीचा बाबा


१३ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. 'अजिबात नाही' हे दोन शब्द इतके दाबून लिहिलेस की पलीकडच्या बाजूला उमटलेत.

तुझं म्हणणं मला कळतं. असले गेम आतून कसे तयार होतात ते तू पाहिलं आहेस. भिंगरी बालवाडीत होती तेव्हा तू घरी बसून असल्या गेममधले आवाज करून पाठवायचीस. कागदावर नुसतं लिहिलेलं असायचं, बाई, छातीत गोळी, मोठी किंकाळी. म्हातारी, धक्का, घाबरून. कुठल्या गेमसाठी, कुठल्या देशात, काही पत्ता नाही. तू कपड्यांच्या कपाटात रजया टांगून त्यात शिरायचीस आणि घसा बसेपर्यंत मरायचीस, आणि मग संध्याकाळभर आमच्याशी खाणाखुणांनी बोलायचीस. तुझ्या घशातून निघालेलं ते सगळं कोणाच्या तरी मुलांच्या कानावर पडत असणार, हा विचार तुला तेव्हाही त्रास द्यायचा. आपल्या लेकीच्या कानावर ते पडायला नको, असं तू आता लिहितेस. बरोबर आहे.

मला मात्र खात्री नव्हती, ती का ते सांगतो. प्लास्टर कापायची करवत आमच्याकडे असते ना, ती चालू केली की मुलं जीव गेल्यासारखी किंचाळतात. मी आधी ती माझ्या तळहातावर फिरवून दाखवतो. ती कातडी कापत नाही, नुसती थरथरते. आवाजच फार. मला वाटलं होतं, या गेमचंही तसंच असेल, गलका मोठा आणि इजा काही नाही. पण मला नुसतं वाटतं आणि तुला खात्री आहे. ज्याला खात्री आहे त्याचं ऐकून मोकळं व्हावं, इतका मी दमलोय.

म्हणून बंदी घातली. काँप्युटर उचलून ठेवायला घरात जागा नाही, तेव्हा माऊस काढला आणि डब्याच्या पिशवीतून हॉस्पिटलला नेला. तो आता प्लास्टर रूमच्या खणात, कात्र्या आणि बँडेजच्या गुंडाळ्यांच्या शेजारी पडलाय. आमच्या सिस्टरनी खण उघडला आणि उंदीर समजून केवढ्यानं तरी ओरडल्या. सगळी प्लास्टर रूम हसली. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

भिंगरी रडली नाही, भांडली नाही, दार आपटलं नाही. "आईनं सांगितलं का?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, "दोघांनी ठरवलं." तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प झाली, ती अजून तशीच आहे. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते. सगळे म्हणतात, किती गुणी झाली. मला ते ऐकवत नाही.

तुझी शेवटची ओळ वाचली. पुढच्या पत्रात.


२७ फेब्रुवारी

हे पत्र बसून लिहायला मला वेळ लागला. मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं असंही एकदा वाटलं, पण ते आपल्या ठरावात बसत नाही.

मंगळवारी आमचे मोठे डॉक्टर आले नाहीत, म्हणून दुपारीच सुटलो. किल्लीनं दार उघडलं. भिंगरी शाळेच्या कपड्यांत, पाठीवर दप्तर तसंच, खुर्चीच्या टोकावर बसलेली. हेडफोन लावलेले. माऊस मैत्रिणीकडून आणलेला, गुलाबी. मी आल्याचं तिला कळलं नाही.

मी मागे उभा राहून बघत होतो. तो सैनिक गावात शिरला. समोरून लोक येत होते, बंदुका घेतलेले. तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लपतछपत, भिंतीच्या कडेकडेनं, एका गल्लीत गेली. तिथे पाण्याच्या नळापाशी एक बाई उभी असते, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली. तिच्या हातात बंदूक नाही, कळशी आहे. ती काही करत नाही, नुसती उभी असते. भिंगरीनं बंदूक खाली केली, नेम धरला आणि त्या बाईच्या पायावर गोळी झाडली.

बाई खाली बसली. भिंगरीनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले, डोळे मिटले. मग तिनं गेम पहिल्यापासून चालू केला. पुन्हा ती गल्ली, पुन्हा तो नळ, पुन्हा पाय. मग पुन्हा.

मी ओरडायला हवं होतं. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. मी तसाच मागल्या पावलांनी जिन्यात गेलो आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिलो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "किल्ली विसरलात का?" मी हो म्हटलं.

मारामारी मी समजू शकतो. पोरं एकमेकांना बदडतात, त्यांना बांधून देणं हाच माझा धंदा आहे. पण हातात काही नसलेल्या बाईला मुद्दाम पायावर मारायचं, आणि तिचं विव्हळणं डोळे मिटून ऐकायचं? आपलं पोर आतून कसं झालंय? कोणावर गेलंय? तुझ्यावर नाही आणि माझ्यावरही नाही. मग आपल्या दोघांच्या मध्ये जे काही होतं, त्याच्यावर गेलं का?

कोणाला दाखवायचं का तिला? तू काय ते सांग. मी ऐकेन.


६ मार्च

घाईघाईत लिहितोय, बाहेर पेशंट आहेत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्या रागाबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी लक्ष दिलं नाही, पोरगी मोकाट सुटली, सगळं मान्य. पण शेवटचं जे लिहिलं आहेस ते करू नकोस. परीक्षा झाल्यावर तू आठवडाभर येणार होतीस. आता म्हणतेस की येत नाही. 'पोरगी फोनवर येत नाही, माझं नाव काढत नाही, त्यात हे असलं खेळते, तिच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मला दिसतंय, मी समोर येऊन तिला आणखी त्रास कशाला देऊ,' हे तुझे शब्द. आणि तिकडचं आवाजाचं काम वर्षभर वाढवून घेते म्हणतेस.

ती बाई म्हणजे तूच, असं तू मनाला लावून घेतलंस. कुठल्या कुठे पोचतेस तू. ते एक चित्र आहे गं, पिवळा रुमाल बांधलेलं.

तिकीट रद्द करू नकोस. मला थोडा वेळ दे. मी तिच्याशी बोलतो. हो, मी. हसू नकोस.


१५ मार्च

बोललो. हे पत्र सावकाश वाच. शक्यतो बसून वाच.

शनिवारी माझी सुट्टी होती. दुपारी भांडी घासून झाली आणि मी तिच्या खोलीत गेलो. गुलाबी माऊस मी अजून जप्त केलेला नव्हता, मला तो दिसलाच नाही असं आम्ही दोघं वागत होतो. ती खेळत होती. काय बोलायचं ते मी स्वयंपाकघरात पाठ करून गेलो होतो. पहिलं वाक्य तोंडाशी आलं आणि माझा पाय वायरीत अडकला. हेडफोन उपटून निघाले आणि आवाज खोलीत आला.

ती बाई ओरडली.

तुला ठाऊक आहे, इतकी वर्षं मी हेच ऐकतो. सोंग करणारा आधी ओरडतो आणि मग पाय धरतो. ज्याला खरंच लागतं तो आधी श्वास आत ओढतो, दातांमधून, आणि आवाज नंतर येतो. तुला किंकाळ्या करायच्या होत्या तेव्हा हे मीच तुला सांगितलं होतं आणि तुला ते काही केल्या जमत नव्हतं. या बाईनं आधी श्वास ओढला. मग एक बारीक आवाज, अर्ध्यावर गिळलेला, कोणाला ऐकू जायला नको असा. मी हा आवाज या घरात ऐकला होता.

भिंगरी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ओळखलंस?"

"कोण?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"आई आहे ती."

तुला आठवतं का ते मला माहीत नाही. तिला आठवतं. तू कपाटात रजयांमध्ये उभी होतीस, हातात तो माईक. मी बाहेर दार धरून उभा, करकरू नये म्हणून. भिंगरीला बिस्किट देऊन गप्प बसवलेलं. ती उठून आली आणि मदत करायची म्हणून तिनं दुसरं दार ढकललं. तुझं बोट सापडलं त्यात. तू श्वास ओढलास, आवाज अर्धा गिळलास, कारण पोर समोर होती आणि ती घाबरून रडायच्या बेतात होती. मग हसलीस. म्हणालीस, वा, छान झालं, हाच पाठवू या. बोट पुढे काळंनिळं झालं. मी बांधून दिलं होतं.

तेच त्या गेमवाल्यांनी घेतलं. कुठल्या कुठे फिरून, ताईच्या मुलाच्या काँप्युटरमधून, तू तुझ्या घरी परत आलीस. आणि हिनं तुला ओळखलं. मी वर्षानुवर्षं विव्हळणं ऐकणारा माणूस, रोज भिंतीपलीकडे कुकर लावत होतो.

मी म्हटलं, "पण मग तिला गोळी कशाला मारतेस गं?"

तर ती माझ्यावर वैतागली, अगदी तुझ्यासारखी. "बाबा, तुला काहीच कळत नाही. छातीत मारलं की ती खोटं ओरडते. ते नुसतं नाटकातलं. पायाला लागलं तरच खरी येते. आणि शेवटचं ऐक ना, नीट ऐक."

तिनं हेडफोन माझ्या कानांवर बसवले, दोन्ही हातांनी दाबले आणि पुन्हा त्या बाईला पाडलं. श्वास. बारीक आवाज. आणि अगदी शेवटी, कापायचं राहून गेलेलं, एवढंसं, 'अगं'.

अगं. बस. पुढचं तोडलंय. ज्या कोणी ते कापलं त्याला आपली भाषा येत नसणार, विव्हळण्याचाच भाग वाटला असेल.

"ते मला आहे," भिंगरी म्हणाली. "त्या बाईचं नाहीये ते. आई माझ्याशी बोलतेय. पुढचं मला माहितीये, अगं, काही नाही झालं, तू घाबरू नकोस."

मला रडू आलं. तिलाही आलं. ती रडली हे तुला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे, ती मी मोडतोय. बाकी सगळं सांगायची परवानगी मी मागून घेतली आहे. आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, "सांग, पण मी सांगितलं असं सांगू नकोस." आता हे कसं करायचं ते तूच ठरव.

मग मी तिला फोनचं विचारलं. इतके महिने मी विचारलं नव्हतं, उत्तर काय येईल या भीतीनं. ती म्हणाली, "फोनवर ती आई नसते. जाहिरातीतली बाई असते. हॅलो बाळा, कशी आहेस, अभ्यास कसा चाललाय. असं आई कधी बोलायची का?" वाईट वाटून घेऊ नकोस. तू घाबरलेली असतेस म्हणून तुझा कामाचा आवाज निघतो, हे मला कळतं. मी घाबरलो की माझा आवाज निघतच नाही. पोरीनं काय करावं, सांग. एका बाजूला तो गोड आवाज आणि दुसऱ्या बाजूला मी. तिनं आपली खरी आई जिथे सापडली तिथे शोधली. आणि आपण दोघांनी पत्रं लिहून लिहून, अतिशय विचारपूर्वक, तीच तिच्याकडून काढून घेतली.

नंतर तिनं मला खेळायला बसवलं. म्हणाली, "तू कर, म्हणजे तुला येईल." मला त्या गल्लीपर्यंत पोचताच येईना. सारखा भिंतीला धडकत होतो, दोनदा मेलोही. ती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. शेवटी एकदाचा पोचलो. नळ होता, कळशी होती, पिवळा रुमाल होता. मी बंदूक खाली केली, नेमही धरला. माझं बोट काही केल्या दाबलं जाईना. मी तसाच उभा राहिलो आणि ती बाई माझ्याकडे बघत राहिली.

भिंगरी म्हणाली, "बाबा, नुसतं उभं राहिलं तर ती काहीच बोलत नाही."

तू हे मला किती वर्षं सांगत होतीस.

आता ठरवायचं ते ठरवू. खेळू द्यायचं की नाही? मला अजूनही खात्री नाही. तो गेम चांगला नाहीच. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर मी म्हटलं असतं, काढून टाका. गुलाबी माऊस मैत्रिणीला परत पाठवला आणि आपला माऊस मी खणातून घरी आणून दिलाय, तुला न विचारता. तू येईपर्यंत तो तिच्याकडे राहील. आल्यावर तू तिच्या शेजारी बस, ऐक, आणि मग दोघी मिळून काय ते ठरवा. मी कुकर लावतो.

तू प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ लिहितेस आणि मी प्रत्येक वेळी ती पुढच्या पत्रावर ढकलतो. ती माझी आठवण काढते का? काढते. रोज, शाळेतून आल्या आल्या, पाठीवरचं दप्तरही न उतरवता.

तिकीट रद्द केलं असशील तर दुसरं काढ. आणि दारात उभी राहशील तेव्हा 'हॅलो बाळा' म्हणू नकोस. 'अगं' म्हण, आणि पुढचं वाक्य पूर्ण कर.